चहाच्या बियांचं तेल : काही टिपणं

आधी एक घोळ मिटवू, कारण तो पोटाशी संबंधित आहे. औषधांच्या दुकानात ‘टी ट्री ऑइल’ नावाची छोटी बाटली मिळते. ते ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्यूका नावाच्या झाडाच्या पानांचं उग्र वासाचं तेल. मुरुमांवर लावतात, पोटात गेलं तर विषारी. इथे विषय आहे तो चहाच्या बिया घाण्यात घालून काढलेल्या खायच्या तेलाचा.

*

तेही आपल्या चहाचं म्हणाल, तर बहुतेक वेळा नसतंच. आपण उकळतो ती पानं कॅमेलिया सायनेन्सिसची. तेल मुख्यतः निघतं ते त्याच कुळातल्या कॅमेलिया ओलिफेराच्या बियांतून. आसामच्या मळ्यांत चहाची झुडपं छाटून छाटून कमरेएवढी ठेवतात, त्यामुळे त्यांना फळं धरायला फुरसतच मिळत नाही. बी हवं असेल तर झाडं वेगळी राखून उंच वाढू द्यायची. अशा राईला तिकडे ‘बारी’ म्हणतात. या बियांतही तेल असतं, पण त्यात ओलेइक आम्ल ओलिफेरापेक्षा कमी.

*

ओलिफेराचं माहेर दक्षिण चीन. हुनान, जियांग्शी, ग्वांग्शी या भागांत डोंगरउतारांवर या झाडांची बनं आहेत. गंमत अशी, की गेल्या वर्षीचं फळ ऑक्टोबरात पिकतं तेव्हाच नवी पांढरी फुलंही उमलू लागतात. फळं तोडणाऱ्याला कळ्या-फुलं सांभाळत हात चालवावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षीचं तेल या वर्षीच जमिनीवर पडायचं.

फळं उन्हात टाकली की टरफलं तडकतात आणि काळसर तपकिरी बिया सुट्या होतात. जुन्या पद्धतीत त्या सुकवून, गोल दगडी चरात चाक फिरवून त्यांची पूड करत. चाक ओढायला बैल, नाहीतर ओढ्याचं पाणी. पूड वाफवायची, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून कड्यांमध्ये दाबायची आणि त्या चकत्या एका पोखरलेल्या ओंडक्यात ओळीने उभ्या करायच्या. मग पाचरी. छताला टांगलेला लांब ओंडका माणसं झुलवत नेतात आणि पाचरीच्या डोक्यावर आदळतात. प्रत्येक ठोक्याला चकत्या आणखी आवळतात आणि खाली तेलाची धार लागते. आपला घाणा गोल फिरून तेल काढतो, हा ठोकून. आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत.

*

आता आरोग्याचं. या तेलातलं साधारण 75 ते 85 टक्के स्निग्ध आम्ल म्हणजे ओलेइक, ऑलिव्ह तेलात असतं तेच. संपृक्त मेद दहा टक्क्यांच्या आसपास. थोडं ई-जीवनसत्त्व, थोडं स्क्वालीन. ओमेगा-3 नावापुरतं, ते हवं असेल तर जवसाची चटणी खावी.

ग्रीन टीचे म्हणून जे गुण सांगतात, ते मात्र इथे शोधू नयेत. ते गुण ज्यांच्यामुळे, ती कॅटेचिन नावाची द्रव्यं पानांत असतात आणि पाण्यात उतरतात. तेलात त्यांचं काय काम? तरी जाहिराती दोन्हींची पुण्याई एकाच बाटलीत ओततात.

*

ऑलिव्ह तेलाशी साम्य इतकं, की 1930च्या दशकात अमेरिकेत ऑलिव्ह तेलात हे तेल बेमालूम मिसळलं जायचं. ते पकडायला फिटेलसन नावाच्या रसायनतज्ज्ञाने खास चाचणी बसवली; भेसळ असली की लाल रंग येई. याहून मोठं प्रशस्तिपत्र एखाद्या तेलाला कोणी द्यावं!

*

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली ओलेइक आम्ल भरपूर असलेल्या तेलांना एक दावा करायची मुभा दिली : रोज सुमारे 20 ग्रॅम तेल हृदयविकाराचा धोका कमी करू शकेल. पण पुरावा ‘पूरक, निर्णायक नव्हे’ हे बाटलीवर सांगायचं. शिवाय हे तेल जास्त संपृक्त मेदाच्या *जागी* यायला हवं, एकूण उष्मांक न वाढवता. म्हणजे डालड्याऐवजी घेतलंत तर फायदा. डालडा तसाच ठेवून वरून दोन चमचे हे प्यायलात तर फक्त कंबर वाढेल. मोठ्या चमचाभर तेलात 120च्या आसपास कॅलरी असतात, तेल चहाच्या बियांचं असो की शेंगदाण्याचं.

जठराचं अस्तर, यकृत यांवरचे जे दावे वाचायला मिळतात, त्यांमागे बहुतेक उंदरांवरचे प्रयोग आहेत. उंदरांना लाभ झाला, आनंद आहे.

*

तैवानात बाळंतिणीला या तेलात घोळवलेल्या बारीक शेवया देतात. आपल्याकडच्या डिंकाच्या-अळिवाच्या लाडवांसारखंच ते : अंगात ताकद यायला, माया करायला.

*

‘250 अंशांपर्यंत धुरावत नाही’ हा दावा शुद्धीकरण केलेल्या तेलाबद्दल खरा आहे. पण भजी 180 अंशांच्या आसपास तळतात. वरच्या 70 अंशांचे पैसे का मोजायचे?

*

तेल निघाल्यावर उरते ती पेंड, आणि ती मला तेलापेक्षा जास्त आवडली. रिठ्यात फेस करतं ते सॅपोनिन हिच्यात भरपूर. चीनमध्ये बायका पिढ्यान् पिढ्या या पेंडीच्या पाण्याने केस धूत आल्या. आपल्याकडच्या कोळंबीच्या तळ्यांतही ही पेंड टाकतात : सॅपोनिनने नको असलेले मासे मरतात, कोळंबी तगते. अर्थात गुरांपुढे ही पेंड शेंगदाण्याच्या पेंडीसारखी तशीच टाकता येत नाही.

*

घाण्याचं म्हणून डोळे मिटून घेऊ नये. 2010 साली हुनानच्या एका बड्या कंपनीच्या तेलात बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य मर्यादेपेक्षा कितीतरी पट जास्त सापडलं, आणि ही गोष्ट लोकांपासून काही महिने लपवली गेली. बिया किंवा पेंड जास्त आचेवर भाजली-वाळवली की हे द्रव्य तयार होतं. झाड निर्दोष, भट्टी दोषी.

*

मग घ्यावं का? चव सौम्य आहे, तेल चांगलं आहे. कोणी भेट दिलं तर जरूर वापरा. पण इथे मिळतं ते आयात केलेलं आणि महाग. ओलेइक आम्लासाठीच घ्यायचं असेल, तर जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने काढलेली ‘गिरनार 4’ आणि ‘गिरनार 5’ ही वाणं 2020पासून आपल्याकडे आहेत. त्यांच्या तेलात ओलेइक आम्ल 80 टक्क्यांच्या घरात असतं. पुढच्या वेळी घाण्यावर गेलात, तर शेंगा कुठल्या वाणाच्या आहेत एवढं विचारा.