लाल मिलो आणि नाशिकचा कांदा

आमच्या घरात ‘मिलो’ हा शब्द अजून कपाळाला आठ्या घालूनच उच्चारला जातो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली ही लाल ज्वारी मिळत असे. दादी सांगत, भाकरी थापताना कडा फाटायच्या. पण रांगेत तेवढी तरी मिळाली तर अल्लाहचे शुक्र. आम्ही भावंडांनी मिलो पाहिलेली नाही, पण ताटात अन्न टाकले की तिचे नाव ऐकलेच.

शाळेत ‘सार्वभौमत्व’ शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर सीमा, लष्कर, ध्वज असे लिहितो. या देशाला तो शब्द खरा कळला गव्हाच्या बोटींमुळे. १९५६ मध्ये अमेरिकेशी ‘पीएल ४८०’ खाली करार झाला. पैसे रुपयांत द्यायचे होते, म्हणून सोयीचा वाटला. मग १९६५ आणि १९६६ असा लागोपाठ पाऊस रुसला. व्हिएतनाम युद्धावर दिल्लीने केलेली टीका अध्यक्ष जॉन्सन यांना खुपत होतीच. ते धान्य महिन्याच्या हिशोबाने, हात आखडून सोडू लागले. इकडे शास्त्रीजी लोकांना आठवड्यातून एक वेळ उपाशी राहायला सांगत होते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ अनुभवलेली पिढी तेव्हा कारभारात होती. रिकामे कोठार म्हणजे काय, हे तिला सांगावे लागत नव्हते.

म्हणून ‘धान्य आपलेच हवे’ हा हट्ट झाला, आणि आमच्या मते रास्तच झाला. मात्र त्या स्वावलंबनाचे मूळगाव कोणी विचारत नाही. १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणे मेक्सिकोहून आले, आणि त्या गव्हाचा बुटकेपणा जपानच्या ‘नोरिन १०’ वाणाचा होता!

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०१९ मध्ये कांदा महागला आणि दिल्लीने निर्यात अचानक थांबवली. आमच्या नाशिकचा कांदा बांगलादेशात जातो. काही दिवसांनी दिल्लीत आलेल्या शेख हसीना हसत म्हणाल्या की आचाऱ्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे. आधी कळवले असते तर बरे झाले असते. लोक हसले. पण १९७४ मध्ये, दुष्काळ दारात असताना, क्यूबाला ताग विकला म्हणून अमेरिकेने त्याच बांगलादेशचे धान्य अडवले होते. अशा देशाला बंद झालेला दरवाजा कसा दिसत असेल?

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. आमच्या वर्गातल्या शेतकरी मुलांच्या घरी लाल कांद्याचा भाव कोसळला. हा कांदा चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाने विकावाच लागतो. आपल्या माणसांचे ताट आधी, यात आमचा वाद नाही. पण चार आठवडे आधी सांगायला काय हरकत होती?

ढाक्याने २०१९ मध्येच मिसर, तुर्कस्तान, म्यानमारकडे कांद्यासाठी माणसे धाडली. काही माल तर विमानाने आणला, आणि स्वतःच्या शेतात कांदा वाढवायला घेतला.