बैठक क्रमांकाचा न्याय

दहावीच्या परीक्षेची निंदा करणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा एक निरुपद्रवी छंद आहे. मला मात्र, साताऱ्या-सांगलीच्या मुलुखात जन्म काढल्यामुळे असेल, तो कधी जडला नाही. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक ही मूलतः महाविद्यालयाच्या दारावरची झडती होती. १९४८ च्या कायद्यान्वये शालान्त परीक्षेसाठी निराळे मंडळ झाले आणि शाळा संपविणाऱ्या मुलाचा दाखला विद्यापीठाच्या मर्जीतून सुटला. पुढे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६५ साली नवा अधिनियम संमत केला, १ जानेवारी १९६६ पासून राज्यमंडळाचा अंमल सुरू झाला, आणि आज हे दोन्ही जिल्हे त्याच्या कोल्हापूर विभागात मोडतात.

ज्याच्या घरी कानडी बोलली जाते असा जत तालुक्यातील मुलगा, ज्याचा बाप गलाईच्या धंद्यापायी दूरच्या कुठल्या शहरात सोने-चांदी गाळीत बसला आहे असा आटपाडीचा मुलगा, वाळव्याच्या सधन ऊसबागायतदाराची कन्या आणि पाटणच्या डोंगरातून पायपीट करीत येणारी तिची समवयस्क, या सर्वांपुढे एकाच घटकेला एकच मोहोरबंद पाकीट फुटावे, यात न्याय कसला, असे टीकाकार विचारतात. आणि तयारीची साधने विषम असता कसोटी तेवढी सम ठेवणे ही समतेची विटंबना आहे, हे त्यांचे म्हणणे मला अमान्य करता येत नाही. तथापि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे ना आडनाव येते, ना गाव, ना बापाची पत. केवळ एक क्रमांक येतो. ज्या समाजात आडनाव उच्चारताच माणसाची किंमत ठरून जाते, तिथे कायद्याने बहाल केलेले हे अनामिकत्व मी फार मोलाचे मानतो.

अर्थात या तराजूत मावत नाही असेही पुष्कळ आहे. कर्मवीर भाऊराव पाटील, ज्यांचे मूळ घर वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे आणि ज्यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ते स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी उघडलेल्या वसतिगृहात नाना जातींची मुले एका पंगतीस बसून आणि अंगमेहनत करून शिकली, त्या शिक्षणावर एकही प्रश्न कोणत्याही मंडळाने आजवर काढलेला नाही. काढूही नये, काढला तर पुढच्याच वर्षी त्याचे गाइड निघेल.

२०२१ साली महामारीमुळे परीक्षाच रद्द झाली, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, आणि तो ९९.९५ टक्के भरला. अकरावीसाठी शासनाने योजिलेली प्रवेशपरीक्षाही उच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टात रद्दबातल ठरविली. दहावीच्या त्या निकालाची वर्तमानपत्रांनी यथेच्छ थट्टा केली. मला ती अनुदार वाटली, कारण मुलाला वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकाइतकी त्याची पारख त्रयस्थ परीक्षकाला कुठून असणार? परंतु तोच शिक्षक मुलाच्या बापालाही ओळखतो, संस्थेच्या अध्यक्षांना ओळखतो, आणि पटसंख्या घटली तर आपली तुकडी तुटेल हेही जाणतो. एरवी बहुतेक विषयांत शंभरांपैकी वीस गुण शाळेच्या हाती असतात. ते किती सढळपणे वाटले जातात हे पालकांना, मुख्याध्यापकांना आणि मंडळालाही पक्के ठाऊक असते, आणि त्याबद्दल कोणीच तक्रार करीत नाही.