पाचटाचा बांध

मॉरिशसच्या प्रत्येक जाहिरातीत खुर्ची समुद्राकडे तोंड करून मांडलेली असते. पांढरी वाळू, प्रवाळभिंतीच्या आतलं उथळ निळं पाणी, माणूस असलाच तर पाठमोरा. अनवट ठिकाणं सुचवणारे लेखही शेवटी त्याच खुर्चीसाठी थोडी रिकामी वाळू शोधून देतात: ग्रँड बेला गर्दी असेल तर अमुक किनारा, इल ओ सेरला बोटी फार झाल्या तर तमुक. हा शोधच भलत्या दिशेने चालला आहे. हे बेट लांबीला साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. सकाळी निघालेली गाडी जेवणवेळेआधी दुसऱ्या टोकाला पोचते. एवढ्याशा जागेत दडून राहील असं काय उरणार? इथलं जे अपरिचित आहे ते दूर नाहीच, ते खुर्चीच्या पाठीमागे आहे. खुर्ची वळवली की दिसतो ऊस.

ऊस बघायला विमानाचं तिकीट कशाला, असं कोल्हापूरकर म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही. पण आपल्याकडे ऊस गावात आला. इथे उसासाठी गाव आलं. या बेटावर मुळात माणसांची वस्तीच नव्हती. डचांनी १५९८ मध्ये त्याला आपल्या राजपुत्राचं नाव दिलं, १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळला. डोडो तोवर संपला होता; ऊस मात्र राहिला. फ्रेंचांनी तो आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांकडून पिकवून घेतला, आणि पुढे गुलामगिरी उठली तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. उसाच्या शेतात मधेच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, पायऱ्यापायऱ्यांचे, कित्येकांना पिरॅमिड वाटावेत असे. जमीन ज्वालामुखीची, दगड उचलल्याशिवाय कांडी लावता येत नव्हती, म्हणून ते हातांनी उचलून रचले गेले. बेटावरचं हे सर्वांत बोलकं शिल्प, आणि त्याला ना पाटी ना तिकीट.

नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्नचा ५५६ मीटर उंचीचा सुळका आहे. आलिशान रिसॉर्टच्या फोटोंत तो मागे हमखास असतो, नेपथ्यासारखा. त्याच्या कपारींत पळून आलेले गुलाम लपून राहत. १८३५ मध्ये सुटकेची बातमी घेऊन वर चढणाऱ्या शिपायांना पाहून, पुन्हा धरायला आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगतात. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं ते या स्मृतीसाठी, सूर्यास्तासाठी नव्हे. राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावर करारावरचे मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट तर आपल्या हिशेबाने जेमतेम सोळा गुंठ्यांचा. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून मजुरांची पहिली तुकडी उतरली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरातून गेली, काही पुढे दुसऱ्या वसाहतींत. घाटाच्या दगडी पायऱ्यांना मुद्दाम थांबून बघावं असं काही सौंदर्य नाही. पूर्वी या जागेला कुली घाट म्हणत, एवढं कळलं तरी त्या पायऱ्यांवरून चटकन पाय पुढे पडत नाही.

यावर रास्त आक्षेप येतो: माणूस वर्षभर राबून चार दिवस पडून राहायला गेलाय, मधुचंद्राला गेलाय, त्याला इतिहासाचे धडे कशाला? खरं आहे, आणि लोळण्याला माझा विरोध नाही. पण खुर्चीमागचं बेट म्हणजे केवळ दुःखाची वही आहे हा समज काढून टाकायला हवा. रस्त्याकडेच्या गाडीवर दोन-दोनच्या जोडीने कागदात गुंडाळून मिळणारी धोल पुरी घ्या. पुरणपोळीतून गूळ वजा करून हळद-जिरं घातलं तर जे होईल ते. त्यात घेवड्याची उसळ आणि मिरची. माएबूर गावाजवळ १८७० पासून चालत आलेला एक छोटा कारखाना आहे. ज्या कंदाचा आपण साबुदाणा खातो त्याच कंदाची बिस्किटं तिथे तव्यावर भाजतात, आणि तव्याखाली जळण असतं उसाचं पाचट. मराठी प्रवाशाला तर आणखी एक कारण आहे. गणेश चतुर्थीची इथे सरकारी सुट्टी असते, आणि करारावर गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांचा ‘झाकरी’ नाच पाहताना कोकणातली जाखडी आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. गवगवा झालेली जागा अनवट राहत नाही. आपल्या कोकणाने हे पुरतं भोगलंय. मग आणखी गर्दी वळवायची कशाला? उत्तर माएबूरसमोरच्या इल ओ एग्रेतवर सापडतं. हे २६ हेक्टरचं प्रवाळी बेट राखीव आहे. तिथे वाटाड्याबरोबर छोट्या गटानेच जाता येतं आणि ते पैसे संवर्धनाला लागतात. मॉरिशसचं मूळ रान दोन टक्क्यांहून कमी उरलंय. त्यातली एबनीची झाडं आणि गुलाबी कबुतरं इथे दिसतात. मूळची कासवं नामशेष झाली, म्हणून त्यांच्या जागी अल्दाब्रा बेटावरची अजस्र कासवं आणून सोडली आहेत. ती पानं-फळं खातात, बिया पसरवतात, म्हणजे गेलेल्यांचं काम करतात. तेव्हा प्रश्न लोकांनी जाण्याचा नाही, कसं जाण्याचा आहे. बेसुमार गर्दीला दार उघडावं असं इथे कुणीच म्हणत नाही.

आणि किनारा वेगळा, आतलं बेट वेगळं, ही वाटणी जाहिरातीपुरतीच टिकते. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशियो’ जहाज याच बाजूच्या प्रवाळावर चढलं, ६ ऑगस्टपासून तेल गळू लागलं, सुमारे हजार टन. एग्रेतवरची रोपं आणि काही पक्षी घाईने हलवावे लागले. तेल अडवायला तरंगते बांध पुरेनात, तेव्हा हजारो लोक किनाऱ्यावर जमले. त्यांनी कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या, काहींनी डोक्यावरचे केससुद्धा कापून दिले. मग काळ्या झालेल्या कंबरभर पाण्यात उतरून शेतातलं ते पाचट त्यांनी समुद्रावर ओळीने पसरलं.