घसारा

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला वस्तूची किंमत करता आली पाहिजे, अशी लोकांची अपेक्षा असते आणि ती अगदीच गैर नसते. वाहनकर्जाचे शेकडो अर्ज माझ्या हातांखालून गेले. गाडी दुकानातून रस्त्यावर आली की तिची किंमत उतरू लागते, या उतरण्याला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात, आणि आयकराच्या हिशेबात मोटारीवर तो घटत्या मूल्याच्या पंधरा टक्के दराने धरतात, हे मी नव्याने रुजू झालेल्या मुलांना शिकवीत असे. या पद्धतीची एक गंमत आहे. दरवर्षी उरलेल्या रकमेवर घसारा धरायचा असल्यामुळे किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. पंधरा वर्षांनंतरही रुपयातले सुमारे नऊ पैसे शिल्लक राहतात. त्या नऊ पैशांचा अर्थ मला निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, एका जुन्या मोटारीमुळे कळला.

2011 साली आम्ही सात माणसांची मोठी गाडी घेतली. त्या वेळी नाशिकच्या आमच्या घरात सहाजण होते. आई, अण्णा, आम्ही दोघे आणि दोन मुले. सातवी जागा पाहुण्यांची. वणीला जायचे, सिन्नरला लग्नाला जायचे, तर सगळे एकत्र निघत. मागच्या बाकावर मुलांची भांडणे, मधल्या बाकावर आईच्या मांडीवर फराळाचा डबा, आणि पुढे माझ्या शेजारी अण्णा. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. घराचा कर्ता म्हणून आपण सगळ्यांना सामावून घेतले आहे, असे त्या गाडीच्या उंच आसनावर बसल्यावर वाटे. हा अभिमान फार चांगल्या जातीचा नव्हता, हे आज कळते. पण तो खोटाही नव्हता.

अण्णा 2016 मध्ये गेले. आई 2021 मध्ये गेली. मुलगा बंगळुरूला आणि मुलगी पुण्याला स्थिरावली. गाडी मात्र सातजणांचीच राहिली. साडेचार मीटर लांबीचे ते धूड आमच्या आवारातली अर्धी जागा अडवून उभे असे, आणि आम्ही दोघे त्यातून भाजी आणायला जात असू. मागचे बाक महिनोन्महिने कोणी उघडलेले नसे. विम्याचा हप्ता, टायरांची जोडी, डिझेल या खर्चांचे आकडे माझ्या वहीत नियमाने उतरत होते. निवृत्तिवेतनाशी त्यांचा मेळ बसत नाही हे मला दिसत होते. तरी गाडी विकण्याचा विषय मी काढत नव्हतो. आता त्याचे कारण सांगायला हरकत नाही. ती विकणे म्हणजे मागच्या बाकांवर आता कोणी बसायला येणार नाही, हे लिहून देणे होते.

निर्णय अखेर माझ्या डोळ्यांनी केला. 2024 च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. औषधाचे थेंब रोज घालायचे, नजर आहे तेवढी राखायची, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा पत्नी तांदूळ निवडीत होती. ती वर न पाहता म्हणाली, "अहो, आठशे मिळते का हो अजून कुठे?"

मला क्षणभर काही उमजेना. मग म्हटले, "आठशे कशाला? आणि चालवणार कोण?"

"मी," ती म्हणाली.

इथे थोडे मागे जावे लागेल. 1996 साली आम्ही आमची पहिली मोटार घेतली, तीही जुनीच. मारुती 800. माझी पत्नी दिंडोरीच्या शाळेत शिक्षिका होती. नाशिकहून दिंडोरी पंचवीस किलोमीटरांवर. एस.टी.ची वेळ चुकली की शाळा चुके. म्हणून ती गाडी चालवायला शिकली आणि पुढची पंधरा वर्षे त्या गाडीने शाळेत जात राहिली. वाटेत उभ्या असलेल्या सहशिक्षिका तिच्या गाडीत बसत. एकदा तर एका विद्यार्थिनीला प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी पोचवून ती शाळेत गेली होती. दिंडोरीच्या रस्त्यावर लोक गाडी ओळखत आणि "बाई आल्या" म्हणत.

आज ज्यांची वये चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना त्या गाडीचे महत्त्व सांगावे लागत नाही. 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीच्या एका विमान कंपनीतल्या नोकरदाराला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली मिळाली. तोवर मोटार म्हणजे अँबॅसडर किंवा फियाट, आणि दोन्हींसाठी वर्षानुवर्षे थांबणे. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास असलेली, 796 घनसेंटिमीटरांच्या तीन सिलिंडरी इंजिनाची ही लहानशी गाडी शिक्षक, कारकून, डॉक्टर यांच्या दारात आली. तिचे सुकाणू हलके होते, नाक आखूड होते, आणि ज्यांच्या हाती घरातल्या पुरुषांनी जड गाड्या कधी दिल्या नसत्या अशा कितीतरी बायका तिच्यावर चालवायला शिकल्या. माझी पत्नी त्यांपैकी एक.

मोठी गाडी आली तेव्हा आठशे विकली. पहिल्याच आठवड्यात पत्नीने नवी गाडी आवारातून बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबाला डावी बाजू घासली. हातभर ओरखडा उठला. मी धावत आलो, ओरखड्यावरून बोट फिरवले आणि म्हणालो, "राहू दे. ही तुझ्या हातची नाही."

मी रागावलो नव्हतो. आवाजही चढवला नव्हता. अण्णा ओट्यावर बसले होते, त्यांनी मान डोलावली. तिने किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर पुन्हा तिने ती मागितली नाही. शाळेला ती एस.टी.ने जाऊ लागली आणि निवृत्त होईपर्यंत एस.टी.नेच गेली. मला वाटे, वयामुळे तिला आता गाडी चालवणे नकोसे झाले असावे. तेरा वर्षे मला तसे वाटत राहिले. विचारावे असे एकदाही वाटले नाही.

त्या संध्याकाळी मी तिचा परवाना शोधायला कपाट उघडले. माझ्या परवान्याचे नूतनीकरण मी वेळच्या वेळी केले होते. तिच्या परवान्याची मुदत तिच्या पन्नासाव्या वर्षी, 2013 साली, संपलेली होती. विम्याच्या, कराच्या, ठेवींच्या साऱ्या तारखा ज्याच्या वहीत असत, त्याच्या वहीत ही एक तारीख नव्हती. मी कपाटापाशी बराच वेळ उभा राहिलो. ओरखडा दुरुस्त करायला किती रुपये लागले, ते मात्र त्या वहीत होते.

मोठी गाडी चांदवडकडच्या एका कांदा उत्पादकाने घेतली. तो पाहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर आई, बायको, भाऊ आणि तीन लेकरे होती. लेकरे थेट मागच्या बाकावर चढली आणि खिडकीसाठी भांडू लागली. भावाची घासाघीस मी केली नाही. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. वाईट वाटले, पण ती रिकामी गेली नाही याचे बरेही वाटले.

आठशे शोधणे सोपे नव्हते. 2010 मध्ये प्रदूषणाचे नवे निकष आले तेव्हा मुंबई, पुणे यांसारख्या तेरा शहरांत तिची विक्री थांबली. नाशिकसारख्या गावांत ती पुढे काही वर्षे मिळत राहिली. जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन कायमचे बंद झाले. त्याच वर्षी अँबॅसडरचाही कारखाना थांबला. द्वारकेजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी तीन महिने शोधून एक गाडी काढली. 2010 सालची, पांढरी, एकाच मालकाची. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर मालकाने पर्यावरण कर भरून, तपासणी करून ती आणखी पाच वर्षांसाठी नोंदवून घेतली होती. हे गृहस्थ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. आता जिना उतरणेही त्यांना जमत नव्हते. बासष्ट हजार ठरले. माझ्या घसाऱ्याच्या सूत्राने तिची किंमत वीस हजारांच्याही आत होती. मी पुस्तकी मूल्याच्या तिपटीने पैसे मोजतो आहे, हे मला ठाऊक होते.

किल्ली देताना ते गॅलरीतून पत्नीला सांगत होते, "थंडीत पहिल्या फटक्यात उठत नाही, ताई. घाई करू नका. उजवीकडची काच वर करताना हाताने जरा आधार द्या." मुलीला सासरी पाठवताना तिच्या सवयी सांगाव्यात, तसे. मिस्त्रींनी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलायला लावल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, जुन्या रबराला ते मानवत नाही, असे त्यांचे म्हणणे. एवढ्यावर गाडी आमची झाली.

मुलगा फोनवर नाराज झाला. "बाबा, त्या गाडीत एअरबॅगसुद्धा नाही. आजच्या रस्त्यांवर ती पत्र्याची डबी आहे." त्याचे म्हणणे खरे होते. 2019 पासून नव्या मोटारींत चालकासाठी तरी एअरबॅग सक्तीची आहे. या गाडीत ती नाही, आणि साडेसहाशे किलोंच्या आसपासच्या तिच्या वजनाचा मोठ्या वाहनापुढे पाड लागणार नाही. जुन्या वस्तूच्या मायेत ही उणीव झाकून टाकणे योग्य नव्हे. आम्ही नियम घालून घेतला. पट्टा लावल्याशिवाय निघायचे नाही, महामार्गावर जायचे नाही, पुण्या-मुंबईला बस किंवा रेल्वे.

शेजाऱ्यांची नाराजी वेगळ्या प्रकारची होती. "काय साहेब, तब्येत ठीक ना?" असे एकाने विचारले. लहान गाडी घेणे हे आपल्याकडे आजारपणासारखे किंवा दिवाळ्यासारखे समजले जाते. मला या वेळी नॅनोची आठवण झाली. पावसात दुचाकीवर कुटुंब घेऊन जाणारी माणसे पाहून रतन टाटांच्या मनात त्या गाडीची कल्पना आली. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात जगाने ती कौतुकाने पाहिली. पुढे तिला हवे तसे गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि 2018 मध्ये तिचे उत्पादन थांबले. सर्वांत स्वस्त गाडी ही ओळख तिला नडली, हे पुढे खुद्द टाटांनीही बोलून दाखवले. गरज असलेल्या माणसालाही स्वस्ताचे नाव दारात उभे करायला संकोच वाटतो. मलाही वाटला. पहिला महिनाभर गाडी फाटकाबाहेर न ठेवता मी ती आत, झाडामागे लावायला सांगत होतो. पत्नी ती रोज फाटकाबाहेर लावत होती.

परवान्यासाठी तिला नव्याने सगळे करावे लागले. आधी शिकाऊ परवाना, डॉक्टरांचा दाखला, मग चाचणी. आर.टी.ओ.च्या मैदानावर अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बासष्ट वर्षांची ही बाई पर्स छातीशी धरून उभी होती. मी कुंपणाबाहेर. तिने गाडी पुढे नेली, आठाच्या आकड्यात वळवली, मागे घेतली. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे वळवताना तिचे खांदे ताठ झालेले दिसत होते. कुठे खांब लागला नाही. बाहेर आल्यावर ती इतकेच म्हणाली, "नाक दिसतं हो या गाडीचं. त्या गाडीचं कुठे संपायचं ते कळायचंच नाही."

मला वाटते, त्या वेळी मी क्षमा मागायला हवी होती. मी म्हणालो, "चहा घेऊ या."

पुढच्या शनिवारी आम्ही दिंडोरीला गेलो. काम काहीच नव्हते. मी डाव्या बाजूला बसलो होतो. त्या जागी बसायची मला सवय नाही. गाडीची रुंदी दीड मीटरही नाही, त्यामुळे गिअर बदलताना तिचे कोपर माझ्या हाताला लागत होते. मोठ्या गाडीत आमच्या दोघांमध्ये हातभर अंतर असे. सुरुवातीला माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई, जणू तिथे ब्रेक होता. तिच्या ते लक्षात आले. ती काही बोलली नाही, फक्त वेग थोडा कमी केला. वाटेत तिने मला सांगितले की या वडाखाली एक बाई उभ्या राहत, त्या आता नाहीत. या वळणावर पावसात एकदा गाडी बंद पडली होती आणि मुलांनी ढकलली होती. पंधरा वर्षे ती या रस्त्याने गेली होती, आणि यातले मला काहीच ठाऊक नव्हते.

शाळेपाशी ती थांबली. शनिवारची शाळा सुटली होती. रस्त्यापलीकडच्या दुकानातून एक मध्यमवयीन बाई बाहेर आल्या, गाडीकडे पाहिले, मग आत वाकून पाहिले.

"बाई, तुम्ही?" त्या म्हणाल्या. "गाडी तीच का हो?"

"तशीच," पत्नी म्हणाली, "पण दुसरी."

परतताना सूर्य कलू लागला होता. डॉक्टरांनी अंधाराविषयी सांगितलेले मला आठवले, आणि मग लक्षात आले की ती काळजी आता माझी नव्हती. घरी आल्यावर मी वही उघडली. पेट्रोलचे पाचशे रुपये लिहिले. तारीख लिहिली. त्यापुढे तिच्या नव्या परवान्याची मुदत कधी संपते तेही लिहून ठेवले.