तपासणाऱ्याची तपासणी

शिक्षणातील विषमतेचा अभ्यास करणारा संशोधक आपण त्या विषमतेच्या बाहेर उभे आहोत असे बहुधा गृहीत धरतो. प्रश्नावली त्याची, टाचणे त्याची, निष्कर्षही त्याचेच. काही वर्षांपूर्वी मीही याच समजुतीने एका छोट्या अभ्यासाला हात घातला. त्यातून विद्यार्थ्यांविषयी जे कळले, त्याहून स्वतःविषयी जे कळले ते मला अधिक मोलाचे वाटते. म्हणून ही हकिकत येथे मांडीत आहे.

पदवीच्या वर्गात मराठी घेणाऱ्या मुलामुलींची घरची भाषा आणि त्यांचे परीक्षेतील यश यांचा संबंध तपासणे, हा माझा विषय होता. क्षेत्र होते उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही येथील माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतो. पुढे कारखान्यांमुळे मराठवाडा, खानदेश, कोकण, उत्तर प्रदेश अशा चहूकडून माणसे आली. आसपासच्या गावांत आगरी वस्ती पूर्वीपासूनच होती. परिणामी माझ्या वर्गात प्रमाण मराठी ही जवळजवळ कोणाच्याच घरची भाषा नव्हती. परीक्षा मात्र तिच्यातच होत असे.

तयारी मी रीतसर केली होती. शाळा ही काही विशिष्ट घरांतील भाषेला आणि रीतीला 'गुणवत्ता' हे नाव देते आणि वारसा कर्तृत्वासारखा दिसू लागतो, ही पिएर बूर्दिअची मांडणी मी टिपून ठेवली होती. पाउलो फ्रेअरी यांनी विद्यार्थ्याला रिकामे भांडे मानणाऱ्या शिक्षणावर केलेली टीका मी वर्गात शिकवीतही असे. मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, त्या उच्चाराबरहुकूम उतरवायच्या आणि शेजारी त्याच विद्यार्थ्यांच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका ठेवायच्या, अशी माझी पद्धत होती.

एका विद्यार्थ्याने या पद्धतीतील छिद्र दाखवून दिले. मूळ कुटुंब मराठवाड्यातले, राहायला अंबरनाथ. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर जीन्स शिवण्याच्या कारखान्यात काम. मुलाखत संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मी बोलतो ते तुम्ही जसंच्या तसं उतरून घ्यायलाव. पेपरात तेच लिहिलं की मार्क कापायलाव. मग माझं कोणतं बोलणं कामाचं?"

घरी येऊन मी त्याची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. प्रश्न महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथावरचा होता. त्याने लिहिले होते : 'शेतकऱ्याला कागद वाचता येत नाही म्हणून कागदच त्याला खायलाय.' ग्रंथाचा गाभा याहून नेमक्या शब्दांत त्या गठ्ठ्यात दुसऱ्या कोणी सांगितला नव्हता. मी मात्र 'खायलाय' खाली लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला होता. त्याच गठ्ठ्यात मार्गदर्शिकेतून उतरवलेल्या निर्दोष उत्तरांना मी भरघोस गुण दिले होते. अक्षर माझे होते, रेघ माझी होती.

विषमतेचा पुरावा शोधायला मी मुलाखती घेत हिंडत होते आणि तो माझ्याच कपाटात होता. विसंगती आणखी खोल होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांच्या ग्रंथांचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा केली होती, हे मी दरवर्षी नाराजीने शिकवीत असे. फुल्यांवरील उत्तराला मी चिपळूणकरांच्या लेखणीने गुण देत होते.

याहून अवघड कबुली पुढेच आहे. मी स्वतः बदलापूरजवळच्या आगरी घरातली. आमच्या घरी डोळ्यांना 'डोले' आणि गाडीला 'गारी' म्हणत. शाळेत हसू झाल्यावर मी जीभ वळवली आणि ती इतकी वळली की आजीशी बोलतानाही परत येईना. पीएच.डी. झाल्यावर अनेकांनी माझ्या शुद्ध वाणीचे कौतुक केले. जे मी गमावले होते, तेच मी आता कर्तव्य म्हणून इतरांकडून वसूल करीत होते. चिकित्सक संशोधनात संशोधकाने आपले स्थान सांगावे असे म्हणतात. प्रस्तावनेत दोन ओळी लिहून मी ते सांगितलेही होते. परंतु स्थान सांगणे आणि त्या स्थानावरून आपला हात काय करतो हे तपासणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग प्रमाणभाषाच सोडून द्यावी काय? एका सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. नोकरीच्या परीक्षेत माझ्या विद्यार्थ्याला त्यांतून सूट नाही. येथे मला फुल्यांचेच १८८२ सालचे हंटर आयोगापुढील निवेदन उपयोगी पडले. त्यांनी मागितलेल्या प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर व्याकरणही होते. त्यांचा आक्षेप निराळा होता : पैसा रयतेच्या घामाचा, लाभ मात्र वरच्या वर्गांना. शक्यतो शेतकरी वर्गातूनच शिक्षक घ्यावेत, असेही त्यांनी सुचवले होते. व्याकरण द्यावे, पण त्याची भिंत करू नये.

हा धागा धरून मी दोन बदल केले. चाचणीत आशयाचे गुण आधी देऊन भाषेचे गुण वेगळे मांडले आणि रेघेऐवजी समासात प्रमाण रूप लिहू लागले. उतरवलेल्या मुलाखती विद्यार्थ्यांना वाचायला देऊन त्यांचे आक्षेप अभ्यासात समाविष्ट केले. त्या विद्यार्थ्याने आपल्या मुलाखतीच्या शेवटी लिहिले, 'मला तुमची भाषा पाहिजे, पण माझी मोडीत काढून नको.' माझ्या साऱ्या निष्कर्षांत मला हेच एक विधान टिकाऊ वाटते.

विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मात्र गुणांची विभागणी माझ्या हाती नसते. तेथे 'खायलाय' सारखे रूप आले की लेखणी थबकते, आधी वाक्य पुन्हा वाचते, मग निर्णय घेते. तो दर वेळी बरोबर असतो असा माझा दावा नाही.