तळटीपेतील पाठ

शोधनिबंध लिहून झाला, असे संशोधक म्हणतो तेव्हा बहुधा एवढेच घडलेले असते, की त्याच्या मनातील युक्तिवाद शेवटच्या परिच्छेदापर्यंत येऊन पोहोचलेला असतो. त्यानंतर अवतरणे मुळाशी ताडून पाहायची, टीपांचा क्रम लावायचा, संपादकांच्या सूचनांप्रमाणे मजकूर सिद्ध करायचा, हे काम आपल्याकडे दुय्यम समजले जाते. ते विद्यार्थ्यावर सोपवावे, नाहीतर टंकलेखन करणाऱ्यावर, अशी रीत आहे. या समजुतीत काय निसटते, ते एका प्राध्यापिकेच्या चार दिवसांच्या हकिगतीवरून पाहता येईल.

बाई एका तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवतात. प्रबंधातील एका प्रकरणाचा विस्तार करून त्यांनी तुकारामांच्या आत्मपरीक्षणपर अभंगांवर एक निबंध सिद्ध केला होता. पदोन्नतीच्या अर्जाला तो हवा होता आणि नियतकालिकाची मुदत सोमवारची होती. सूचनापत्रक दोन पानांचे होते. मजकूर युनिकोडमध्ये असावा. शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे असावे. टीपांत लेखक, ग्रंथ, प्रकाशनस्थळ, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ हा क्रम पाळावा. प्राचीन ग्रंथाच्या बाबतीत कोणती संपादित प्रत वापरली, तिचा निर्देश अवश्य करावा. हे शेवटचे कलम बाईंनी वाचले आणि त्याखाली बरोबरची खूण केली. ते त्यांनी केलेलेच होते.

पहिला दिवस अक्षरांत गेला. जुने प्रकरण श्रीलिपीत टंकलेले होते. ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटली, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांसारख्या शब्दांतील अर्धा र कोठे नाहीसा झाला, कोठे भलत्याच रूपात उभा राहिला. एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने हे सारे आपणहून दुरुस्त करून दिले.

दुसरा दिवस 'तत्रैव' या एका शब्दाने खाल्ला. विस्तार करताना बाईंनी दोन परिच्छेद पुढचे मागे नेले होते आणि मध्ये तीन नव्या टीपा घातल्या होत्या. 'तत्रैव' म्हणजे 'तेथेच'. पण हे 'तेथे' लगतच्या आधीच्या टीपेवर अवलंबून असते. परिच्छेद हलला की तोच शब्द न कुरकुरता भलत्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. एका लेखकाचे मत अशा रीतीने त्याच्या विरोधकाच्या पृष्ठ ११४ वर जाऊन पडले होते. बाईंनी साऱ्या 'तत्रैव' काढून टाकल्या आणि प्रत्येक ठिकाणी ग्रंथाचे नाव लिहिले. पाने वाढली, पण निर्देश आपापल्या जागी आले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, की विद्यार्थिनीने निबंधाबरोबर तुकोबांचेही शुद्धलेखन सुधारले आहे. महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांतच असे सांगितले आहे, की केशवसुतपूर्वकालीन पद्यातील उतारे मुळानुसार छापावेत. विद्यार्थिनी संकोचून म्हणाली, "मॅडम, मला वाटलं, टाइप करताना चुकलं असेल." तिचा दोष नव्हता. सगळे अभंग पुन्हा मुळावरून घेणे भाग होते, म्हणून बाईंनी ग्रंथालयातून शासकीय गाथा आणवली.

ही गाथा मुळात विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध केली. पहिला खंड १८६९ साली, दुसरा १८७३ साली. मुंबई सरकारने ती १९५० साली पुन्हा छापली. तीत अभंगांची संख्या ४६०७ आहे, तर विष्णुबुवा जोग यांच्या सार्थ गाथेत ती ४१४९ आहे. प्रतीचे नाव न देता केवळ अभंगाचा क्रमांक देणे म्हणजे गावाचे नाव न लिहिता नुसता घरक्रमांक लिहिण्यासारखे आहे, हे बाई वर्गात दरवर्षी सांगत आल्या होत्या.

निबंधाचा सारा भार ज्या एका अभंगावर होता, त्याचा क्रमांक त्यांनी उघडला आणि तेथे निराळाच अभंग निघाला. अकारविल्हे सूचीवरून शोधले, तेव्हा हवा असलेला अभंग पुष्कळ दूर सापडला. परंतु ज्या शब्दावर युक्तिवाद उभा होता, तो शब्द त्यात नव्हता. त्या जागी दुसरा शब्द होता, आणि त्याने अर्थ सौम्य होत होता.

हा क्रमांक आणि हा पाठ बाईंच्या प्रबंधात होता. प्रबंधात तो आला होता सरांनी दिलेल्या एका कार्डावरून. सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. निवृत्त होताना त्यांनी आपल्या टिपणांची कार्डे बाईंच्या स्वाधीन केली होती. सुबक हस्ताक्षरात अभंग, खाली क्रमांक आणि 'शासकीय गाथा' एवढा निर्देश. सरांच्या ग्रंथातही तो तसाच छापलेला होता. बाईंनी जोगांची प्रत काढली. क्रमांक तिच्यातला होता आणि शब्दही तिच्यातलाच. सरांच्या घरी रोजच्या वाचनात जोगांची प्रत असे. उतारा तीतून उतरला आणि निर्देश सवयीने दुसरीचा पडला, एवढाच त्याचा उलगडा होता. सरांना विचारण्याची सोय आता उरली नव्हती.

"क्रमांक कोण उघडून पाहणार आहे, बाई?" विभागातील सहकारी म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. साम्य तपासणाऱ्या संगणकीय अहवालात निबंध निर्दोष ठरला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ज्या दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, त्याच्या पुष्कळ आत तो होता. दुसऱ्याचे वाक्य उचलले आहे काय, हे यंत्र सांगते. आपण न पाहिलेली प्रत पाहिली म्हणून लिहिले आहे काय, हे त्याला कळत नाही.

त्या रात्री बाईंनी शासकीय गाथेचे ते पान पुन्हा नीट पाहिले. पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते समोर ठेवून पाठ ठरवला आणि भिन्न पाठ पानाच्या तळाशी नोंदवले. तेथे बारीक टंकात, एका प्रतीच्या खुणेसह, सरांचा शब्द होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या संपादकांनी नाकारलेला शब्दही पुसला नव्हता. त्याला त्याची जागा दिली होती.

त्यामुळे निबंध वाचला नाही. तो लहान झाला. 'तुकोबांनी हा शब्द योजला' या विधानाच्या जागी 'एका प्रतीतील पाठानुसार' असे लिहावे लागले आणि त्याबरोबर निष्कर्षाची तीन पाने गेली. अवघड होती ती टीप. पहिल्या मसुद्यात 'चुकीने' हा शब्द सरांच्या नावाशेजारी आला आणि बाईंना तो पाहवला नाही. दुसऱ्या मसुद्यात सरांचे नावच नव्हते. तेही खरे वाटेना, कारण तो पाठ अर्थपूर्ण आहे ही दृष्टी सरांचीच होती. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रथम आपल्या प्रबंधातील निर्देश सदोष असल्याचे नोंदवले, मग सरांच्या ग्रंथाचे पृष्ठ दिले आणि शेवटी दोन्ही प्रतींतील क्रमांक व पाठ लिहिले. विशेषण एकही नव्हते.

सोमवार टळला. संपादकांनी निबंध पुढील अंकासाठी ठेवून घेतला आणि बाईंचा अर्ज एका निबंधाने उणा गेला. त्याबद्दल त्यांना वाईट वाटले नाही, असे म्हणणे खोटे होईल.

सरांचे कार्ड मात्र त्यांनी बदलले नाही. त्यांच्या अक्षराखाली, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दोन प्रतींचे दोन क्रमांक आणि आपण पडताळल्याची तारीख लिहिली आणि ते कार्ड पुन्हा त्याच्या जागी ठेवून दिले.