लागलं की भरलं?

जून २०२३ची गोष्ट. कंपनीच्या बसने चाकणला जाताना फ्लेक्स दिसला, '३५०वा शिवराज्याभिषेक दिन'. मी लगेच वजाबाकी केली. २०२३ वजा १६७४, म्हणजे ३४९. "एक कमी पडतोय राव!" अख्ख्या बसला ऐकवलं.

चूक माझीच होती. (आम्ही अ‍ॅरे शून्यापासून मोजणारे, दुसरं काय होणार!) ६ जून १६७४ हाच पहिला दिवस, राज्याभिषेक शक १ तिथूनच सुरू. म्हणजे २०२३ला ३५०वं वर्ष लागलं, ३५० वर्षं भरली २०२४ला. इसवी सनातही शून्य साल नाहीच, म्हणून एकविसावं शतक लागलं १ जानेवारी २००१ला. जगाने फटाके मात्र वर्षभर आधीच उडवून घेतले...

असो. गेल्या महिन्यात आजी सहज म्हणाली, "तुझ्या बाबाला अठ्ठावन्नावं लागलं." माझ्या पोटात गोळाच आला. बाबांच्या कंपनीत ५८ला रिटायरमेंट, आणि फ्लॅटचा हप्ता आम्ही दोघं मिळून भरतो. रात्री दोनपर्यंत एक्सेल उघडून बसलो होतो. सकाळी बाबा फर्स्ट शिफ्टला निघाले तेव्हा विचारलंच.

"लागलंय रे, भरलं कुठंय?" बाबा डबा पिशवीत टाकत म्हणाले. "वर्ष आहे अजून."